खलाशांची मळवलेली कापडं

“आये, ही इजार कोणी धुतल्यान?”

“कोणी म्हणजे? हय माझ्याशिवाय धुवपी कोण असा? तुझी बायल? ती हातरुमाल सुदीक मशिनीत टाकता.”

“अगो पण कित्याक धुतलंस? माका एक शब्द इचारूचो तरी!”

“इचारूचा काय तेच्यात? डांबर काय कोण नक्षी म्हणान लावता? घरातली खोबरेलाची सगळी बाटली चोळलंय, सोड्यात उकळलंय, फरशेर आपटलंय, तेवा खय सुटला. बघ, लख्ख झाली मा?”

उल्हास मागच्या दारात गाडीची चावी हातात धरून तसाच उभा राहिला. लेकीला शाळेत सोडून, जाता जाता दोन कामं उरकून यायला त्याला जो काय वेळ लागला, तेवढ्यात म्हातारीने डाव साधला होता. परसातल्या दोरीवर पांढऱ्या फेक इजारी आणि चौकडीचे सदरे वाऱ्याने फुगून नाचत होते. वाराही आजच सुटायचा होता. महिनाभर आयर्लंडातल्या या डून लेरी गावात नुसती झिमझिम. कापडं घरातल्या हीटरवर वाळवायची म्हणून गावाहून पाहुणी आलेली त्याची आई, अलकनंदाबाई, रोज बोटं मोडायची. आज उघडीप झाली, शेजारीण कुंपणावरून आभाळाकडे बोट दाखवून हसली, आणि बाईच्या अंगात वारं शिरलं. धुण्यासारखं काही दिसेना, तेव्हा तिने पोराची शेड उघडली.

या उल्हासचं कूळ शिंप्याचं. वेंगुर्ल्याच्या बाजारात बापाचं दुकान. बायको वृंदा पुण्याची, कंपनीत कॉम्प्युटरवर मोठ्या हुद्द्यावर. तिला आयर्लंडात नोकरी लागली तसा हाही मशीनवरचं कापड घडी करावं तशी आयुष्याची घडी करून मागून आला. पहिली वर्षं काय केलं? मराठी बायकांच्या साड्यांना फॉल लावले. गणपती आले की ब्लाउजांचा ढीग, ढीग संपला की भिंतीकडे बघत बसायचं. मग नाटकासिनेमाचे कपडे शिवणाऱ्या एका वर्कशॉपात चिकटला. तिथेही बटणं लावायची नि काठ दुमडायचे. कापड कापायला कात्री कोणी हातात देईना. अखेर वर्कशॉपची मालकीण शिव्हॉन हिने यंदा एक अख्खं काम त्याच्या एकट्याच्या गळ्यात टाकलं. बंदरावर प्रदर्शन होतं, शिडाच्या जहाजांच्या काळातले साधे खलाशी अंगावर काय घालत त्याचं. “हे जमलं तर पुढचं काम तू कापायचं,” ती म्हणाली होती. उल्हासला तेवढंच हवं होतं.

आता कप्तान-बिप्तान असते तर सोपं. त्यांना सोनेरी बटणं, कोट, सगळा थाट. साध्या खलाशाला त्या काळी कसला गणवेश नि कसलं काय! जाड ताडपत्रीसारख्या कापडाची, घोट्याच्या वर थांबणारी ढगळ इजार, म्हणजे जहाजाच्या फळ्या घासताना गुडघ्यापर्यंत वर सारता येते. चौकडीचा सदरा. कमरेशी संपणारं आखूड जाकीट, कारण लांब शेपटाचा कोट दोरखंडात अडकला की माणूस डोलकाठीवरून खालीच यायचा. गळ्याला रुमाल, घाम पुसायला आणि वेळप्रसंगी जखम बांधायला. पाणी लागू नये म्हणून टोपीला डांबर, जाकिटाला डांबर, आणि दोरांना डांबर असायचंच, ते हातांनी इजारीला. धुणं खाऱ्या पाण्यात. कुठेकुठे साबणाऐवजी मुतातही धूत. खार बसलेलं कापड कधी धड वाळायचं नाही, कातडी सोलून काढायचं.

शिवून तर उल्हासने आठवड्यात मोकळं केलं. खरी कसोटी ते जुनं करण्यात होती. खिसणीवर गुडघे घासले. कोपरं दगडावर रगडली. काळ्या चहात बुडवलं, मिठाच्या पाण्यात भिजवलं, वाळवलं, परत भिजवलं. लाकडाचं डांबर अळशीच्या तेलात पातळ करून बोटांनी चोळलं. एवढंही पुरेना, तेव्हा स्वतः ती इजार घालून संध्याकाळी परसात उकिडवा बसायचा, चुण्या खऱ्या पडाव्यात म्हणून. वासापायी वर्कशॉपात कोणी ते ठेवून घेईना, म्हणून घरच्या शेडमध्ये ठेवलेलं.

आणि परवा प्रदर्शन उघडणार. शिव्हॉन आज दुपारी कापडं बघायला येणार.

त्याने वृंदाला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. दबक्या आवाजात म्हणाली, “अरे देवा. पण हे बघ, आईंना काही बोलू नकोस हं. पुढच्या आठवड्यात जातायत त्या.” आणि फोन ठेवला. झालं! दातही आपलेच, ओठही आपलेच. तोंड उघडायला कुठे जागाच नाही.

“आये, ती मळकीच होयी हुती,” तो शेवटी म्हणाला. “माका पैसे मळवूचेच गावतत.”

म्हातारी उसळली. “शिरा पडली तुझ्या त्या धंद्यार! तुझो बापूस मरासर शिलाई करी हुतो, पण गिऱ्हायकाक कधी डाग पडलेला कापड दिल्यान नाय. इस्त्री केल्याबगर पिशयेत घालूक देय नसलो. आणि तू? सातासमुद्रापलीकडे येवन कापडा घाण करतंस?”

“गे बाय माझे, तां प्रदर्शन असा!”

“मगे प्रदर्शनाक तरी धुतलेली दी!”



शिव्हॉन आली ती थेट परसातच आली. उल्हासने तोंड उघडायच्या आत आईने दोरीवरची एक इजार काढून तिच्यापुढे धरली. वाळायच्या आधीच इस्त्री फिरवून परत दोरीवर टांगलेली. पायावर सुरीसारखी घडी. “सांग तिका,” ती उल्हासला म्हणाली, “डांबर कसा काढलंय तां. सांग!”

उल्हासने सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, खोबरेलासकट. शिव्हॉन आधी हसली, डोळे पुसेपर्यंत हसली, आपली आई असती तर तिनेही हेच केलं असतं म्हणाली. अलकनंदाबाईही हसली, तिला वाटलं कौतुक चाललंय. मग शिव्हॉनने इजारीच्या गुडघ्यावरून अंगठा फिरवला. खिसणीची खूण होती, पण रंग, खार, चुण्या सगळं गेलं होतं. तिचं हसू उतरलं. शेडमध्ये वर टांगलेली, म्हातारीच्या हाताला न लागलेली टोप्या नि जाकिटं तिने पारखून बघितली, मान हलवली, पण तारीफ केली नाही.

“उद्या संध्याकाळी गाडी पाठवते,” ती म्हणाली. “जमलं तर बरंच. नाहीतर डब्लिनच्या एका नाटक कंपनीकडे जुने सेट आहेत, ते लावते.” आणि गेली. जमलं नाही तर तुझं काय, हे तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं. पुन्हा बटणं.

डांबर वाळायला एक दिवस पुरत नाही. पातळ हात दिला, पंख्यासमोर टांगलं, तर वरवर वाळेल. वास राहील, हाताला लागेल. लागू दे. खलाशाच्या नाही का लागत असे?

“आये, वायच हय बस,” तो शेवटचा उपाय म्हणून बोलला. “मी डांबर लावतंय, तू ह्यो इजारी फरशेर घास. दोघांनी मिळान केला तर होतला.”

“मी?” तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. “धुतलेला कापड माझ्या हातान मळवू? जीव गेलो तरी जमाचा नाय. तू होयतर जेवक नको घालू माका.”

“मगे आत जावन बस तरी.”

“जातंय. बांगडे तळतंय. तुझ्या हाताक डांबराचो वास येतलो, तुका ताटाक हात लावूक मिळाचा नाय, सांगान ठेवतंय.”

ती पुटपुटत आत गेली. उल्हासने दोरीवरची सगळी कापडं ओढून खांद्यावर टाकली. शेडमध्ये जाऊन डांबराच्या डब्याचं झाकण पेचकसाने उचकटलं. पहिली इजार फळीवर पसरली, इस्त्रीच्या घडीवर बोट ठेवून क्षणभर थांबला. घडी मात्र झकास पडली होती, बापाने मान डोलावली असती. मग त्याने इजार मुठीत चुरगळली, मिठाच्या पाण्याच्या बादलीत कोंबली आणि खिसणी शोधायला लागला.