साडेदहाची वेळ

जिल्ह्याच्या दवाखान्यात हृदयरोगाच्या ओपीडीच्या दारावर मच्छिंद्र आठ वर्षं शिपाई होता. हृदयाचे डॉक्टर फक्त मंगळवारी, अकरा ते दोन. पेशंट मात्र पहाटेच निघून यायचे. सत्तर जणांतले तीस-पस्तीस तरी तपासणीविनाच परत जायचे, आणि त्यांची समजूत काढायचं काम मच्छिंद्रचं.

बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की माणसं दोनदा रांगेत थांबतात. एकदा डॉक्टरांसाठी, मग त्यांनी लिहून दिलेला ईसीजी काढून पुन्हा डॉक्टरांसाठी. त्यानं श्रावस्ती सिस्टरांना विचारलं, जुन्या पेशंटांचा ईसीजी आणि बीपी सकाळीच उरकलं तर? सिस्टरांनी डॉक्टरांना पटवलं. मच्छिंद्र एसटीचं वेळापत्रक घेऊन बसला आणि गावागावानुसार चिठ्ठ्यांवर वेळा टाकल्या. ढोकी जवळ, त्यांना उशिराची. ईटच्या धुरपदाबाईंना परतताना दोन गाड्या बदलाव्या लागत, त्यांना लवकरची, साडेदहाची. पाच तासांचं थांबणं दीड तासावर आलं. चार महिने कुणीही तपासणीविना परत गेलं नाही. मच्छिंद्रला घरी गेल्यावर जेवण गोड लागायचं.

मग डॉक्टरांकडे शेजारच्या जिल्ह्याचाही भार आला. आता ते महिन्यातून एकदाच येणार होते. मच्छिंद्र दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना भेटला. आपल्या हातात नाही, असं साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. मग डॉक्टर नसतील त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी तो फोन करून पेशंटांना येऊ नका म्हणून सांगू लागला.

धुरपदाबाईंकडे फोन नव्हता. अशाच एका मंगळवारी त्या आल्या, चिठ्ठी पुढं केली.

"माझी येळ हीच हाय न्हवं?"

"व्हय मावशी. येळ तुमचीच हाय. डाक्टर न्हाईत."

पायाला सूज होती, जिना चढून त्यांना धाप लागली होती. सिस्टरांनी बीपी घेतलं, ईसीजी काढला आणि कागद घेऊन तडक दुसऱ्या डॉक्टरांकडं गेल्या. त्यांनी पाहिलं, सोलापूरला न्या म्हणाले. सोबत कोण, असं मच्छिंद्रनं विचारलं.

"कुनी न्हाय. लेक ऊसतोडीला गेलीय."

अँब्युलन्स बोलावतो, इथं दाखल तरी व्हा, म्हणून त्यानं हात जोडले. घरी शेळ्या बांधलेल्या आहेत, म्हणत त्या उठल्या. त्यानं स्टँडपर्यंत नेऊन गाडीत जागा करून दिली.

पुढच्या महिन्यात डॉक्टर आले. साडेदहाला मच्छिंद्रनं धुरपदाबाईंचं नाव पुकारलं, थोडं थांबून पुन्हा पुकारलं. ईटचाच बलभीम नावाचा पेशंट बाकावरून म्हणाला, "त्यास्नी जाऊन पंधरा दिस झालं."

मच्छिंद्रनं पुढचं नाव पुकारलं.