बरगड्यांवरचा जिल्हा

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात. त्यामुळे आजोबांचं म्हणणं असं, की जन्मभर दुकानाच्या गादीवर बसलो, पुढंही बसायचंच आहे, तर जागेची सोय आपणच बघून घ्यावी. उदगीरकडच्या आमच्या गावात त्यांनी जिवंतपणीच आपल्या समाधीपुढचा दगडी नंदी घडवायला दिला. तोही बहात्तरच्या दुष्काळात. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

घडवणारा लोह्याकडचा वडार होता, दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेला. नंदी कसा करू, असं त्यानं विचारल्यावर आजोबांनी लिंबाखाली बांधलेला आमचा बैल दाखवला. माणूस इमानदार. जे दिसलं ते त्यानं कोरलं. पोट खपाटीला गेलेलं, बरगडी न् बरगडी वर आलेली. महादेवाचं वाहन इतकं उपाशी कुणी बघितलं नव्हतं, गाव पोट धरून हसलं. नंदी पुरा व्हायच्या आत बैल मेला. त्याला चारा-छावणीत पाठवा म्हणून सगळे सांगत होते, पण आजोबा आज-उद्या करत राहिले. त्यांना तो डोळ्यांआड नको होता.

वेगळी शिळा कशाला, म्हणून आजोबांनी नाव-गाव नंदीच्या अंगावरच कोरून घेतलं. नाव आणि गाव पोटावर मावलं. 'जिल्हा उस्मानाबाद' मात्र लांबलचक, तो बरगड्यांवर चढला.

दहा वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. शाळेपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्या पाट्या रंगवून निघाल्या. माझे काका तर जिल्हा आपणच मंजूर करून आणल्यासारखे फिरत होते. आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. वडलांचा पत्ता चुकीचा राहू नये, एवढ्या मायेनं काकांनी लोह्याहून त्याच वडाराला बोलावून घेतलं. आजोबांनाही आम्ही बाजेसकट मसणवट्यात नेलं. आपल्याच समाधीच्या दुरुस्तीला हजर राहिलेला दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वडारानं दगडावरून हात फिरवला. मग काकांना सोडून आजोबांकडे वळला.

"आप्पा, अक्षरं काढतो. पर संगं फासळ्या बी जातेत. बैल गुळगुळीत व्हतंय."

काका खूश झाले. त्यांच्या मते हे एका दगडात दोन कामं झाल्यासारखं होतं, जिल्हाही सुधारला आणि नंदीही भरला.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "मी उस्मानाबादेतच बसतो. त्याला उपाशी मारलं म्या. तेवढं तरी दिसू दे."

वडारानं छिन्नी परत पिशवीत टाकली, आणि मला रडू आलं ते मी बाजेच्या आडोशाला उरकून घेतलं.

महिन्याभरात आजोबा तिथं जाऊन बसले. दाखल्यावर लातूर, दगडावर उस्मानाबाद. पाहुणे वाचतात आणि हसतात, आम्हीही हसतो. आता तर त्या जुन्या जिल्ह्याचंही नाव बदललं, म्हणजे आजोबांचा पत्ता कुठल्याच सरकारी कागदात सापडायचा नाही.

दर पोळ्याला मी पुरणपोळीचा पहिला घास त्या नंदीच्या तोंडाशी नेऊन ठेवते. इतकी वर्षं झाली, अजून त्याच्या अंगाला काही लागलेलं नाही.