डब्याच्या सुट्टीतला पिक्चर

माझा नवरा पवनीच्या ज्या सरकारी ऑफिसात कारकून होता, त्याच ऑफिसात आज मी कारकून आहे. तो चाळिशीच्या आतच हार्टनं गेला. अनुकंपा यादीतून माझा नंबर लागायला काही वर्षं गेली, आणि मग एका सोमवारी कोंढ्याजवळच्या आमच्या गावाहून एसटीनं येऊन मी त्या दारात उभी राहिले. टेबल मिळालं आवक-जावकचं. आलेलं टपाल नोंदवायचं, जाणारं पाठवायचं.

ऑफिसातले बहुतेक त्याचे जुने सोबती. मला वहिनी म्हणायचे, आणि माझ्याजवळ आले की आवाज खाली करायचे, घरात कुणी आजारी माणूस झोपला असावा तसं. हसणं चालू असलं आणि मी आत शिरले की सगळे गप्प. त्यांच्या मनात माझ्याबद्दल मायाच होती, मला ते कळत होतं. पण त्या मायेनं जीव गुदमरायचा. मी डबासुद्धा माझ्याच टेबलावर भिंतीकडे तोंड करून खायची.

हेडक्लार्कना सगळे बडे बाबू म्हणत. नाकाडोंगरीकडचे, रिटायरमेंटला आलेले, पवनीत खोली करून राहणारे. त्यांना एकच नाद होता, पिक्चरचा. तोही भलताच: ऑफिसात काम करणारी साधी माणसं आणि त्यांच्या बाबतीत घडणारं काहीतरी अद्भुत. मारामारी नको, प्रेमाबिमाचं नको. एका पिक्चरमध्ये म्हणे कारकून ज्या कागदावर शिक्का मारी ते खरं होई. दुसऱ्यात साहेबाची खुर्ची बोले, आणि फक्त खरंच बोले. असले आपल्याकडचे, नाहीतर कुठकुठल्या देशांतले हिंदीत डब केलेले पिक्चर ते शोधून काढत. डब्याच्या सुट्टीत मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवायचा आणि रोज थोडा थोडा पाहायचा. तिघे-चौघे भोवती बसत.

एकदा टायपिस्ट ताईनं त्यांना विचारलं, "बाबूजी, दिवसभर ऑफिसच पाहता, मग पिक्चरमधीबी ऑफिसच काहून?"

"जिंदगी गेली न बाई या खुर्चीत," ते म्हणाले. "इथंबी काही होऊ शकते, असं कोणी सांगतलं का मले बरं वाटते."

हे मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं आणि मला त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटला. त्यांच्या ते लक्षात आलं की काय कुणास ठाऊक. दोन-चार दिवसांनी त्यांनी हाक मारली, चांगल्या मोठ्या आवाजात. "वहिनी, कायले एकट्या बसून राहिल्या? डबा घेऊन इकडं या. नवा पिक्चर लावून राहिलो."

मी गेले. ताईनं सरकून जागा केली.

पिक्चर सुरू झाला. एक कारकून सकाळी छत्री घेऊन घरून निघतो, वेळेवर ऑफिसात पोचतो. नमस्कार करतो तर कुणी उत्तर देत नाही. चहा येतो तर त्याला मिळत नाही. आम्ही हसत होतो. मग त्याच्या खुर्चीवर एक नवीन बाई येऊन बसते, आणि भिंतीवर त्याचाच हार घातलेला फोटो दिसतो.

आमच्या टेबलावरचे हात थांबले. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. बडे बाबूंचा चेहरा पडला. "मले नव्हतं मालूम, वहिनी," म्हणत त्यांनी मोबाईलकडे हात नेला.

"राहू द्या ना, बाबूजी," मी म्हटलं. "मले पाहायचा आहे."

त्या आठवड्यात आम्ही तो पूर्ण पाहिला. नव्या बाईला काम जमत नसतं. तो मेलेला कारकून आधी चिडतो, फाईली इकडच्या तिकडे करतो, मग हळूहळू तिला शिकवायला लागतो. ती चुकीच्या कप्प्यात हात घालते, तर बरोबर कप्पा आपोआप उघडतो. तिला तो दिसत नाही, पण तो तिथं आहे हे कळतं. शेवटी ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणते, आता जा तुम्ही, मी पाहते. तो छत्री उचलतो आणि जातो.

पिक्चर संपला तरी कुणी डबे आवरेना. मीच विचारलं. इतक्या दिवसांत कुणालाही न विचारलेलं विचारलं. "हे कसे होते, ऑफिसात?"

मग ताई म्हणाली, "वहिनी, लय नकला करत ते."

मला खरं वाटेना. माझा नवरा घरी चार शब्द बोलायचा नाही.

"साहेबाची चाल करून दाखवत होते एकदा," बडे बाबू सांगू लागले, "आन् साहेब मागं उभे! आम्ही इशारे करून राहिलो, यांचं लक्षच नाही. साहेब म्हणाले, पोट थोडं अजून पुढं घ्या, मग बरोबर जमते."

सगळे खदखदून हसले. माझ्यासमोर, पहिल्यांदाच. मग एकेकानं सांगायला सुरुवात केली. ताई पोटुशी असताना त्यानं खिडकीजवळचं आपलं टेबल तिला दिलं होतं. मी डब्यात दिलेलं लाखोरीच्या डाळीचं वरण हे लोक फस्त करायचे, आणि तो वर म्हणायचा, "खा, बायकोनं तुमच्यासाठीच दिलं." मी तर रोज संध्याकाळी त्याच्यावर ओरडायची, डबा खाऊनही आल्या आल्या भूक कशी लागते म्हणून!

संसाराची इतकी वर्षं. त्यातला त्याचा दिवस कसा जायचा, ते मला ठाऊकच नव्हतं. तो अर्धा माणूस या लोकांनी सांभाळून ठेवला होता, आणि त्या दुपारी मला दिला.

त्या दिवसानंतर माझ्याजवळ कुणी आवाज खाली केला नाही. चुकलं तर ताई सरळ रागवायची. मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी तिनंच करून घेतली माझ्याकडून. मागच्या वर्षी बडे बाबू रिटायर झाले, तेव्हा निरोपाचं चार शब्दांचं भाषण साहेबांनी मला करायला सांगितलं. मी उभी राहिले खरी, पण त्या भल्या माणसाला हात जोडण्यापलीकडे मला काही जमलं नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी घरी गेल्यावर सासूबाईंना मी साहेबाच्या नकलेची गोष्ट सांगितली. लेक गेल्यापासून त्या त्याचं नाव काढत नव्हत्या. ऐकता ऐकता त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतात.

"लहानपणी गुरुजीची नक्कल करे," त्या म्हणाल्या. "थांब, दाखवतो तुले." आणि गुडघ्यावर हात टेकत उठल्या, पोट पुढे काढलं, आणि ओसरीतून ऐटीत चालत गेल्या.