सगळ्यांचा एक दिवस

"हे तू पाहिलंस, की ऐकलंस?"

बातमी घेऊन आलेल्या माणसाला आमच्या शेजारचे काका आधी हेच विचारायचे. ऐकलं म्हटलं, की पुढचा प्रश्न तयार. "आणि त्याला कोणी सांगितलं?" तोवर चहाही निवायचा आणि बातमीही.

मुंबईत ते कॉम्प्युटरच्या कामावर होते. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास नोकरी सोडून कशेळ्याजवळच्या आमच्या वाडीत राहायला आले. एका कामावर चार यंत्रं बसवली आणि त्यातलं एक बिघडून प्रत्येकाला वेगळंच सांगू लागलं, तर उरलेल्या तिघांचं एकमत कसं करायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. "ह्याचा पगार देत होते?" माझ्या आईनं त्यांना एकदा सरळ विचारलं होतं.

आमच्याकडे कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं. पावसाळी पीक निघालं की गुरं मोकाट सुटतात. ती सगळ्या वाड्यांनी एकाच दिवशी बांधायची, नाहीतर कोवळं रोप फस्त. एका साली वरच्या वाडीच्या धोंडूनं खालच्या वाडीला सोमवार सांगितला आणि आम्हाला पुढचा आठवडा. त्याचा पेंढा जळाला होता. गुरं बांधून त्यांना घालणार काय? आमची गुरं सुटी राहिली, त्यांच्यात त्याचीही चरली आणि खालच्यांचं रोप गेलं.

धोंडूला वाळीत टाकायचं घाटत होतं. काका उठले.

"आज हा, उद्या दुसरा कोणी. एक जण खोटं बोलणारच, असं धरूनच पद्धत बांधायची. माणूस कशाला काढता?"

मग प्रत्येक वाडीनं बाकीच्या सगळ्यांना विचारायचं, तुम्हाला कोणी काय सांगितलं? चार वाड्यांत ते निभलं. कालव्यावरची बाकीची गावं सामील झाली, तेव्हा शेतीपेक्षा चालणंच जास्त होऊ लागलं.

तेव्हा काकांनी गुरांचं एक दावं फिरवायला लावलं. दिवस मान्य असेल त्या वाडीनं आपली ठरलेली गाठ मारायची, दुसऱ्या कोणाला न साधणारी. दोन तृतीयांशाहून जास्त वाड्यांच्या गाठी पडल्या की दिवस पक्का. दावं फिरवायचं काम त्यांनी धोंडूलाच दिलं. आम्ही कपाळाला हात लावला.

"गाठ खोटी पाडता येत नाही ना? मग नेणारा कोण, याची काळजी कशाला?"

मला वाटतं, धोंडूवर त्यांचा जीव होता. कबूल मात्र करत नसत.

आमच्या वाडीची गाठ काकाच मारत. पुढे त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला, वारांचा मेळ गेला. त्या साली दावं सोमवारचं आलं आणि काका गुरुवार धरून बसले. डाव्या हातानं मारलेली गाठ उंबऱ्यातच सुटली. दुसऱ्या कोणाला गाठ शिकवून ठेवायला हवी होती, असं कोणीतरी पुटपुटलं.

"नाय," धोंडू म्हणाला. "त्यांची गाठ तेच मारतील. सुटली तर सुटू दे. बाकीच्या पुरतील."

पुरल्या. सोमवारी सगळीकडे गुरं बांधली गेली. तो काकांचा शेवटचा हंगाम. त्या दिवशी आम्ही दहा-बारा जण त्यांच्या ओटीवर जमलो होतो. समोर गुरांविना रिकामं शिवार बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आज गुरुवार ना रं, धोंडू?"

"गुरुवारच हाय, काका."

त्यांनी मान वळवून आमच्या एकेकाकडे पाहिलं, एकेकाला तेच विचारलं. एकानंही वेगळं सांगितलं नाही.