काळा दोरा, लाल दोरा

"भाऊजी, ह्ये उठूनच न्हाई राहिले..." शांतावहिनींचा फोन आला तेव्हा कळमनुरीतल्या माझ्या मेडिकलचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. आधी मला त्यांच्या नवऱ्याचा, माझ्या मित्राचा, माणिकचा रागच आला. आदल्या संध्याकाळी तर आम्ही समोरासमोर बसलो होतो. दोन ग्लास, दोन बाटल्या, एक प्रश्न. उत्तर सुचेना म्हणून मी म्हणालो होतो, "उद्या सांगतो." बोटातल्या अंगठीशी चाळा करत तो म्हणाला, "उद्या तर उद्या. पण उत्तर घेतल्याबिगर मी कुठं जात न्हाई, बापू." आणि हा बाबा पहाटे झोपेतच गेला. गेला, असं सगळे म्हणतात...

माणिक हळदीचा व्यापारी. मोंढ्याच्या बाजारात पोतं उघडलं की हळकुंड कटकन मोडून नाकाशी धरायचा आणि माल नीट शिजलाय की कच्चा ते सांगून मोकळा व्हायचा. त्याच्या घराच्या भिंतींनासुद्धा हळदीचा वास. अशा माणसाला अमेरिकन व्हिस्कीचं वेड लावलं त्याच्या मुलीनं, मंजूनं. ती तिकडे नोकरीला. तिनं आणलेली पहिली बर्बन हुंगून हा ओरडला, "अगं, ही तर मक्याची! भाजलेलं कणीस अन् वर काकवी!" खरंच होतं. बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त मका, आणि ती मुरते आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात. पुढच्या खेपेला तिनं राय आणली. राय हे गव्हाच्या गणगोतातलं धान्य. तिच्या व्हिस्कीला वास मिऱ्यांचा, लवंगेचा आणि चक्क शेपूच्या भाजीचा! शेपू मला लहानपणापासून सहन होत नाही. मी तोंड वाकडं केलं आणि माणिक डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

मग नादच लागला. मंजूला फर्मान सुटलं, नेहमीच्या बाटल्या नकोत, तऱ्हेवाईक आण. निळ्या मक्याची बर्बन आली, तिला ओल्या भुईमुगाच्या टरफलांचा वास. मोड आणलेल्या रायची आली, तिचा घोट गिळल्यावर जिभेवर कोको रेंगाळायचा. एक मेपलच्या पाकाच्या पिंपात ठेवलेली होती. "ही दारू न्हाई, बासुंदी हाये. तुझ्या वहिनीला दे," म्हणाला. आम्ही काही पिणारे नव्हतो हो. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण असतं ना, तेवढीच मोजून ग्लासात घ्यायची. झाकणं अर्थात माझ्याच दुकानातली.

त्यातूनच चवीवरून ओळखायचा खेळ निघाला, नियम त्याचे. दोन बाटल्यांची लेबलं पाण्यात भिजवून काढायची, एकीच्या गळ्यात काळा दोरा, दुसरीच्या लाल. राय कोणती, हे त्याला एकट्याला ठाऊक. रोज सुरुवातीला ग्लासात बोट बुडवून कोपऱ्यात थेंब उडवायचा, "गेलेल्यांचा वाटा" म्हणून. मग मी ओळखायचं. चुकलं की तो टेबलावर अंगठी दोनदा वाजवायचा, टक टक, आणि तीच जोडी उद्या पुन्हा. बरोबर आलं की बुचं लावून जोडी कायमची कपाटात. शेवटची जोडी महाचावट होती. बर्बन, पण तिच्यात राय भरपूर. राय, पण तिच्यात राय जेमतेम निम्म्यावर, बाकी मका. "मावसबहिणी हायत," माणिक म्हणाला होता. "साड्या बदलल्या तर नवरदेव पण फसंल."

तेरावं झालं, मंजू परत गेली. त्या घराकडे मी फिरकलोच नाही, मनच होईना. मग एके दिवशी वहिनीच दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

"भाऊजी, दिवेलागणीला बाहेरच्या खोलीत टकटक होऊन राहिली."

"पाल असंल, वहिनी."

"दोनदाच होते. रोज. अन् त्यो थेंबाचा कोपरा... दुपारी पुसते, सांजच्याला ओला. वास घेऊन पाह्यला. तोच हाये." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमच्यापाशी त्यांचं उत्तर राह्यलं ना? एकदा बराबर सांगून टाका. अडकून पडलेत बिचारे. मला भेव न्हाई वाटत, पण त्यांना तकलीफ कशाला?"

मी गेलो. वेताच्या खुर्च्या समोरासमोर, बाटल्यांच्या गळ्यात दोरे. दोन्ही ग्लास धुऊन पालथे घातले होते असं वहिनी म्हणाल्या. माझा पालथाच होता. त्याचा उताणा होता आणि तळाशी ओल होती. माझा ग्लास सरळ केला, दोन्ही बाटल्यांतली झाकणभर आळीपाळीनं ओतली. आधी नुसतंच चाखलं, काहीच कळेना, दोन्ही सारख्याच. मग आठवलं, थेंब राहिला. इतकी वर्षं तो उडवायचा. आज मी बोट बुडवलं आणि कोपऱ्यात उडवलं. वाटा आता त्याचा होता.

पुन्हा लाल दोऱ्याची घेतली. काकवी, ओलं लाकूड, आणि मग एकदम शेपू... कुणी जुडीच नाकाखाली धरावी तशी. लाल म्हणजे राय. इतकं स्वच्छ मला जन्मात कधी कळलं नव्हतं. समोरच्या खुर्चीचा वेत हलकेच करकरला, माणसानं ऐकायला पुढं वाकावं तसा. वहिनी दारात हात जोडून उभ्या होत्या. लाल, एवढाच शब्द बोलायचा होता, की जोडी कपाटात आणि माणिक मोकळा. ओठांवर आलाही. पण मला तो जायला नको होता हो. बस्स, नको होता.

"काळी," मी म्हणालो. "काळ्या दोऱ्याची राय, माणिक."

टक टक.

वहिनींनी डोळे मिटले.

"चुकलं?" त्यांनी विचारलं.

"चुकलं, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना कळलं असावं. पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "मंग उद्या यावं लागंल तुमाला."

तेव्हापासून दुकान थोडं लवकर बंद करतो. जातो, थेंब उडवतो, काळी म्हणतो. वहिनी विचारतात, "जमलं का?" मी म्हणतो, "न्हाई हो, लई अवघड जोडी हाये." मग त्या माझा ग्लास धुवायला उचलतात. त्याचा तिथंच राहू देतात.