इसहाकच्या दालनातला फोटो

मलिद्यासाठी वेलची कुटली की जपानात, हिगाशी-कसाईतली खालच्या मजल्यावरची शेजारीण आठवते. आम्ही कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, आणि ती हेब्रॉनची मुसलमान. ती जपानीत बोलायची आणि माझी नात मला ते मराठीत सांगायची. त्या दिवशी तिने मलिदा दुसऱ्यांदा घेतला. "आज्जी, ती म्हणते, आपल्या मम्मीचा एवढा छान होत नाही," नात म्हणाली. मी खुशीत येऊन माझा हेब्रॉनचा फोटो काढला. तिथे अब्राहामबाबाची आणि त्याच्या मुलाची, इसहाकची, कबर आहे; आम्हीही त्यांना मानतो आणि मुसलमानही. इमारत वाटून घेतलेली, आमचं दार वेगळं, त्यांचं वेगळं. ख्रिस्ती पाहुण्यांना दोन्ही दारं मोकळी. आमच्या काही सणांना मात्र सगळी इमारत आम्हाला मिळते आणि मुसलमानांना आत सोडत नाहीत. "तिला सांग, मी त्यांच्या बाजूच्या इसहाकच्या दालनातसुद्धा जाऊन आले," मी म्हणाले. तिने फोटोवरची तारीख वाचली आणि बशी खाली ठेवली. तिचे वडील तिथे जन्मभर झाडू मारायचे. त्याच दिवशी त्यांचा जनाजा दारावरून परत पाठवला होता आणि शेवटची नमाज रस्त्यावर झाली होती. सांगताना नात रडायला लागली. मी म्हणाले, "आम्हाला काय माहीत." पुढच्या महिन्यात ती उरायासूला राहायला गेली. तो जनाजा परत फिरताना मी रांगेतून पाहिला होता, आणि वाट मोकळी झाली म्हणून मला बरं वाटलं होतं. हे मी अजून नातीलाही सांगितलेलं नाही.