कलम सातवे

एल्काना ट्रसडेलने ते दार एकदाही लाथ मारून का उघडले नाही? साध्या फळ्यांचे, सैल बिजागऱ्यांचे दार, बसवलेलेही त्यानेच. मंडळाच्या कागदपत्रांत याचे उत्तर नाही, आणि त्याला ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांकडेही ते नव्हते.

१८८२च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या विलो ओढ्याकाठच्या नऊ कापूस-शेतकऱ्यांना शाळेच्या खोलीत जमवून त्याने नांगरबंधू मंडळ स्थापन केले. गावातल्या व्यापाऱ्यांची माणसे सभासद होऊन आतली खबर बाहेर नेतील, ही त्याची सततची धास्ती. म्हणून सभा बंद दाराआड, परवलीचा शब्द दर तिमाहीला नवा, आणि सातवे कलम: दुकानाच्या गल्ल्यामागे उभा राहणारा माणूस सभेत बसणार नाही. पुढे कोणी सभासदांना फितवून कलम फिरवू नये म्हणून त्याने त्याला शेपूट जोडले: बदल मूळ सूचकानेच सुचवावा, तोही सभेत उभे राहून. नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या.

दोन वर्षांनी मंडळाने स्वतःचे दुकान काढले. मापात पाप न करणारा आणि ठोक व्यापाऱ्यांची पत्रे नीट वाचू शकणारा माणूस एकच होता. मतपेटी होकाराच्या पांढऱ्या गोट्यांनी भरली. काळी एकही निघाली नाही. जमीन मेहुण्याला कसायला देऊन ट्रसडेल दुकानात उभा राहिला. सातवे कलम त्या दिवशी कोणालाच आठवले नाही. त्यालाही नाही.

आठवले ते १८८६ साली, लायसँडर को या नव्या अध्यक्षाला. नियमावली त्याला तोंडपाठ होती.

"दुकान आपलं असो नाहीतर सैतानाचं, गल्ला तो गल्लाच," को भरसभेत म्हणाला.

कलमाचा अर्थ त्याने बरोबर लावला होता. ट्रसडेलने टोपी उचलली आणि तो बाहेर पडला.

"घर बांधलंस, आणि कडी आतल्या बाजूला बसवून स्वतः बाहेर राहिलास," त्याची बायको पर्मीलिया मक्याची भाकरी तव्यावरून उतरवत म्हणाली. "सोड की ते दुकान!"

त्याने तेच ठरवले. दुकानातून सुटकेचा अर्ज लिहून शनिवारी दुपारी सभेच्या वेळी तो शाळेवर गेला. दारावर पहाऱ्याची कुदळ खांद्याला लावून बार्नबस योकम उभा होता, त्याचा लहानपणापासूनचा शेजारी.

"शब्द, बंधू?"

"बार्नी, तुझ्या लग्नात मी फिडल वाजवलंय. दार उघड."

"वाजवलंस, आणि बेसूर वाजवलंस. शब्द सांग."

"मागच्या तिमाहीचा चालेल?"

"तो उच्चारलास तर तुझी तक्रार नोंदवावी लागेल मला. गप ऱ्हा. सख्खी आई आली तरी शब्द विचार, हे शिकवलं कोणी मला?"

योकमने कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि आवाज उतरवला. "कागद दे इकडे. कागदाला शब्द लागत नाही."

अर्ज दाराच्या फटीतून आत गेला. फळ्यांतून सगळे ऐकू येत होते.

"बंधू ट्रसडेलला मोकळं करायला माझी ना नाही," कोचा आवाज आला. "त्याच्या जागी कोण उभं राहतंय?"

बाके करकरली. कोणीतरी खोकले.

"बंधू पाईक, तू?"

"मी? आणि शनिवारी काय दारात बसू त्याच्या शेजारी?"

हशा पिकला. मनापासूनचा होता, त्यात विखार नव्हता. ट्रसडेललाही ओठ दाबावे लागले. मग को इतर नावे पुकारू लागला. एकाची पाठ दुखत होती, दुसऱ्याला आकडे जमत नव्हते, तिसऱ्याने नुसतेच नाही म्हटले. दुकान ज्याच्या गळ्यात पडेल त्याची खुर्ची जाणार, हे आता सर्वांना कळले होते.

"मग सातवं कलमच बदला ना!" मागून कोणीतरी म्हणाले.

"ते सुचवणार कोण?" कोने शेपूट वाचून दाखवले, स्वच्छ आवाजात, स्वल्पविरामांसकट. ट्रसडेलने आपलीच वाक्यरचना शेवटपर्यंत ऐकली. वाक्य भक्कम होते. कुठेही फट नव्हती.

योकम समोरच्या कुंपणाकडे बघत राहिला. "बाक आणू का रे तुला बसायला?"

"नको. सभा संपेलच आता."

समारोपाचे गीत झाले, दार उघडले, आणि माणसे एकेक करून त्याचा हात हातात घेऊन, पाठ थोपटून पुढे गेली. को सर्वांत शेवटी आला.

"एल्कानाकाका, तुमच्यावर राग नाही हो कोणाचा."

"माहीत आहे."

"दुकान उघडता का जरा? कोळप्याचा फाळ हवाय मला."

ट्रसडेलने खिशातून किल्ली काढली आणि तो पुढे चालू लागला.

१९०४ साली मंडळ विसर्जित झाले तेव्हा केलेल्या सभासदांच्या अखेरच्या यादीत एकशे बारा नावे आहेत. एल्काना ट्रसडेलचे त्यांत नाही; गल्ल्यामागे तेव्हाही तोच उभा होता.